ओढा खोल करण्याआधी त्याला पाणी कुठून येतं ते बघा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नीट समजलो का ते तुम्हालाही कळेल. केज तालुक्यात बालाघाटाच्या उतारावर तुमचं गाव आहे. गावचा ओढा पुढे मांजरेला मिळतो. वडिलांच्या लहानपणी तो होळीपर्यंत वाहायचा, डोहात मरळ सापडायची. आता दिवाळी सरली की त्यात खडखडाट असतो. गावाने वर्गणी काढली आहे, पोकलेनवाल्याशी बोलणी झाली आहेत, आणि दोन किलोमीटर ओढा खोल व सरळ करायचा बेत आहे. खोल केला तर ओढा पुन्हा वाहील का, आणि मासे परत येतील का, असं तुम्ही विचारलं आहे.

खोल केलेल्या ओढ्यात पाणी साठेल, पण साठणं वेगळं आणि वाहणं वेगळं. ओढा वाहता हवा असेल तर पाऊस थांबल्यानंतर त्यात पाणी कुठून येत होतं, आणि ते यायचं कशामुळे थांबलं, हे आधी शोधावं लागेल. खोलीकरण योग्य की अयोग्य, हे त्या उत्तरावर ठरतं. मी भूजल आणि पाणलोटाच्या कामात आयुष्य घालवलं आहे, ते बहुतेक बीड, धाराशिव आणि लातूरच्या शिवारांत. त्या अनुभवावरून लिहितो. तुमचा ओढा मी पाहिलेला नाही, त्यामुळे जिथे तुमच्या जागेवर अवलंबून आहे तिथे तसं सांगत जाईन.

पावसाळ्यात ओढ्यातून जे धो-धो जातं तो पूर. तो काही तासांत उतरतो. त्यानंतर आठवडेच्या आठवडे जी नितळ धार चालते ती आभाळातून आलेली नसते, दोन्ही काठांच्या जमिनीतून आलेली असते. माळावर, बरडावर, शेतांत मुरलेलं पाणी मुरमातून हळूहळू उताराकडे सरकतं आणि शिवारातली सगळ्यात खोलगट रेघ म्हणजे ओढा, तिथे बाहेर पडतं. काठच्या विहिरीतलं पाणी ओढ्याच्या तळापेक्षा उंच असेल तोवर विहिरीकडची जमीन ओढ्याला पाणी देते. विहिरीची पातळी तळाच्या खाली गेली की उलटं होतं: ओढ्यात असलेलं पाणीही वाळूतून खाली जाऊन विहिरींकडे ओढलं जातं. ओढा आटतो तो त्या दिवशी. वरून पाहणाऱ्याला वाटतं, पाऊस कमी झाला. पाऊस कमी-जास्त होतोच, पण गेल्या काही दशकांत आपल्याकडे पावसापेक्षा कितीतरी जास्त बदलला आहे तो उपसा.

आता खडकाकडे वळू, कारण मराठवाड्यात सगळी मेख तिथे आहे. आपला खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक पसरलेले आणि जवळजवळ आडवे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण असतो, त्यात पाणी शिरतं ते फक्त भेगांतून. वरचा भाग सच्छिद्र असतो, त्यालाच आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. तो कुजला की मुरूम होतो. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल गेरूसारखा चिकण पट्टा असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून डोंगरउतारावर जिथे मांजऱ्याच्या खाली काळा पाषाण किंवा लाल पट्टा उघडा पडतो, तिथे झरा फुटतो. तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा, वरच्या अंगाला कुठे कुठे पाझर होते. त्या जागा साधारण एकाच उंचीवर निघतील. थर आडवे असल्यामुळे तसं होतं.

या खडकाची एक मर्यादा आहे, ती मनात पक्की धरा. गोदाकाठच्या गंगथडीत जसा वाळू-मातीचा जाड गाळ सापडतो, तसा तुमच्याकडे नाही. आपल्या मुरमात आणि मांजऱ्यात पाणी साठायला मोकळी जागा फार थोडी, ढोबळ मानाने दोन टक्के. म्हणजे एक मीटर जाडीच्या भिजलेल्या थरात उपसता येईल असं पाणी जेमतेम वीस मिलिमीटर. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लागू होते. थोडं मुरलं तरी विहीर भराभर वर येते, आणि थोडं उपसलं तरी भराभर खाली जाते. सप्टेंबरात काठोकाठ भरलेली विहीर संक्रांतीला तळ दाखवते, ती याचमुळे.

म्हणून खोलीकरणाचं उत्तर तुमच्या ओढ्याच्या तळाशी काय आहे त्यावर ठरतं. तळाशी वरून वाहून आलेला दोन-चार फूट काळा गाळ बसला असेल आणि त्याखाली मुरूम असेल, तर गाळ काढणं चांगलंच. गाळाने मुरमाची तोंडं बुजलेली असतात, ती मोकळी होतात. पण मुरूम फोडून पुढे खणत गेलात तर दोन गोष्टी होतात. एक, ओढ्याचा तळ जितका खाली जाईल तितकं काठचं उथळ भूजल त्या चरात लवकर निथळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी भरपूर दिसतं, सगळे खूश होतात, फोटो निघतात. ते पाणी बहुतेक वेळा आजूबाजूच्या शेतांखालून आलेलं असतं, आणि एरवी ते जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुरलं असतं. दोन, खाली काळा पाषाण लागला की तो चर म्हणजे उघडा हौद होतो. त्यात पाणी राहतं पण मुरत नाही. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास वाफ होते, म्हणजे महिन्याला फूटभर. शिवाय जे उरतं त्याच्यावर मोटारी बसतात.

इथे कोणीतरी तुम्हाला शिरपूरचं उदाहरण देईल. धुळे जिल्ह्यात शिरपूरला ओढे खूप खोल करून, त्यात ओळीने बंधारे घालून विहिरींना पाणी आलं, हे खरं आहे. पण तिथे तापीकाठचा गाळाचा प्रदेश मोठा आहे, आणि त्याच्या वरच्या चिकण थराने पाणी अडवलं जात होतं. तो थर फोडल्यावर खालच्या जाड वाळूत पाणी शिरलं. बालाघाटावर तसा थर नाही आणि तशी वाळूही नाही. एका भूगोलातला यशस्वी उपाय दुसऱ्या भूगोलात जसाच्या तसा उचलला, म्हणून मराठवाड्यात कितीतरी गावांचे पैसे खड्ड्यात गेले आहेत. राज्यात सरसकट खोलीकरण झालं त्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि तज्ज्ञांची समिती नेमली गेली, ते याच मुद्द्यांवरून.

सरळीकरणाबद्दल मात्र मी कुठलीही अट न घालता सांगतो: करू नका. ओढ्याची वळणं म्हणजे वाया गेलेली जमीन नाही. समजा, दोन किलोमीटरमध्ये तुमचा ओढा दहा मीटर उतरतो. वळणं काढून तो दीड किलोमीटर केलात, तर तेच दहा मीटर त्याला कमी अंतरात उतरावे लागतात. उतार दोनशेला एक होता, तो दीडशेला एक झाला. पाणी वेगाने धावतं, तळ खरवडतं, आणि ही खरवड खालून वर सरकत जाते. दोन-तीन पावसाळ्यांत वरच्या शेतकऱ्याचा बांध ढासळतो, पुलाच्या नळ्यांखालची माती निघून जाते, आणि सगळा गाळ खालच्या बंधाऱ्यात जाऊन बसतो. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर भागात झालेली अतिवृष्टी तुम्ही पाहिलीच आहे. उभ्या सोयाबीनसकट जमिनी खरडून गेल्या. असा पाऊस पुन्हा येईल तेव्हा पुराला पसरायला काठ आणि मंदावायला वळण लागेल.

ओढा आटला कशाने, याचा हिशोब करू. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या गावाचे खरे आकडे घालून तुम्ही पुन्हा मांडा.

ओढ्याचं पाणलोट, म्हणजे जेवढ्या जमिनीवरचं पाणी ओढ्याकडे उतरतं ती, सहाशे हेक्टर धरू. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या खडकात त्यातला साधारण दहावा भाग मुरतो, म्हणजे ७० मिलिमीटर. सहाशे हेक्टरवर हे झालं ४२ हेक्टर-मीटर, म्हणजे ४२ कोटी लिटर. दोन टक्क्यांच्या हिशोबाने एवढ्या पाण्याने भूजल साडेतीन मीटर वर येतं. विहिरींचा तुमचा अनुभव याच्या जवळपास असेल.

आता ओढ्याला किती लागतं? काठावर उभं राहिलं की बरी वाटेल अशी धार म्हणजे सेकंदाला चार लिटर. अशी धार ऑक्टोबर संपल्यापासून शंभर दिवस चालली तर एकूण साडेतीन कोटी लिटरच्या आत पाणी लागतं. जेवढं मुरलं त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढंच.

आणि ऊस? सुरू उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या लागवडीला, पाटपाण्याने सुमारे २५० हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी अडीच कोटी लिटर. पावसाचा वाटा वजा केला तरी विहिरीतून पावणेदोन कोटींच्या पुढे उपसावं लागतं. म्हणजे दोन हेक्टर उसाचं पाणी आणि तुमच्या ओढ्याची शंभर दिवसांची धार, हे जवळजवळ सारखं आहे. शिवारात विहिरी-बोअरवर वीस हेक्टर ऊस उभा असेल तर मुरलेल्या ४२ कोटींपैकी छत्तीसेक कोटी तिथेच गेले. थोडं झिरपून परत जातं, पण ओढ्यासाठी पातळी टिकत नाही. हरभऱ्याला दोन पाणी दिली तर हेक्टरी बारा लाख लिटरच्या आसपास लागतात. उसाच्या पंधराव्या हिश्श्याच्याही आत. ज्वारी तर काळ्या रानात ओलीवर येते.

ऊस लावणाऱ्याला गुन्हेगार ठरवायला हे लिहीत नाही. त्याला हमखास पैसा लागतो आणि कारखाना तो देतो, हे मला पक्कं माहीत आहे. पण ओढा कशामुळे आटला हे शोधायला सगळं गाव पोकलेन घेऊन ओढ्यात उतरतं, आणि उत्तर काठावरच्या रानात असतं. २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ते धरण तुमच्यासारख्या असंख्य ओढ्यांवरच भरतं.

यात एक गोष्ट अगदी थेट मोजण्यासारखी आहे. पाच अश्वशक्तीची एक मोटार सेकंदाला सहज पाच-सात लिटर उपसते, आणि ओढ्याची धार चार लिटरची. ओढ्याच्या पात्रात किंवा काठाला लागून असलेल्या विहिरीवर एक मोटार चालू झाली की त्या तासांत तिच्या खालचा ओढा बंद पडतो. दोन किलोमीटरमध्ये अशा किती मोटारी आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते मोजा.

आणि हे मोजमाप पोकलेनच्या आधी करा. त्याला खर्च काही नाही, लागतात ती दोन-तीन माणसं आणि एक वही.

पहिलं काम, ओढा पायी चाला. कार्तिक संपता संपता, रात्री मोटारी बंद असतील त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, मांजरेच्या तोंडापासून वर माथ्यापर्यंत. जिथे पाणी दिसतं, जिथे वाळूत गडप होतं, जिथे पुन्हा निघतं, तिथे खूण करा. तळाला काय आहे तेही लिहा: गाळ, वाळू, मुरूम, मांजऱ्या की काळा पाषाण. जिथे धार पुन्हा उगवते तिथे बहुधा तळात घट्ट खडकाची पायरी असते, आणि तिच्या वरच्या अंगाला वाळूत पाणी साठलेलं असतं. त्या पायऱ्यांना कुणालाही हात लावू देऊ नका. ओढ्याचे नैसर्गिक बंधारे ते. गावाच्या खालच्या बाजूला उन्हाळ्यातही काळपट पाणी वाहताना दिसेल, ते गटाराचं आहे. ते ओढ्याच्या हिशोबात धरू नका, त्याच्यासाठी घरोघरी शोषखड्डे करा.

दुसरं, विहिरी मोजा. काठापासून दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावरच्या विहिरी निवडा, अशा दोन-तीन ओळी. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळी विहिरीच्या काठापासून पाणी किती खोल आहे ते लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून अशाच चार वेळा मोजते, तेव्हा तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतील. मग गवंडी लेव्हलला वापरतो ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या आणि टप्प्याटप्प्याने ओढ्याच्या तळापासून विहिरीच्या काठापर्यंतची उंची काढा. समजा विहिरीचा काठ ओढ्याच्या तळापेक्षा चार मीटर उंच आहे, आणि विहिरीत पाणी सहा मीटरवर आहे. म्हणजे भूजल ओढ्याच्या दोन मीटर खाली. त्या जागी ओढा वाहणं शक्यच नाही, आणि तळ दोन मीटर खणला तर जे दिसेल ते विहिरीचंच पाणी. ही एक मोजणी ग्रामसभेत फळ्यावर काढून दाखवा. वर्षानुवर्षांचं भांडण दहा मिनिटांत मिटलेलं मी पाहिलं आहे, कारण मग कोणी कोणाच्या मताशी भांडत नाही.

तिसरं, तलाठ्याकडून गावनकाशा घ्या आणि त्यावर ओढ्याची मूळ रुंदी पाहा. अनेक ठिकाणी ओढ्याचं पात्र नांगरून निम्म्यावर आलेलं असतं. तो विषय नाजूक असतो. मोजणी आणून भावकीत तंटा लावण्याऐवजी, निदान इथून पुढे आत सरकायचं नाही, एवढं ठरलं तरी मोठं काम झालं.

आता कामं. क्रम माथ्यापासून पायथ्याकडे. तुमच्या गावावरचा माळ, जिथे माती वीतभर आणि खाली लगेच मुरूम, ती पाणी मुरायची सगळ्यात चांगली जागा. खालची काळी रानं भारी असतात, पण एकदा भिजून फुगली की पाणी आत घेत नाहीत. माळावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीवर खणलेले), लहान ओहोळांत अनघड दगडी बांध, शेतांत बांधबंदिस्ती. गवत राखलं, चराई थोडी आवरली तर चर बुजत नाहीत. हे काम ओढ्यात दिसत नाही म्हणून त्याला वर्गणी मिळत नाही, पण ओढ्याची धार तिथेच तयार होते. माळाची जागा गायरान असेल तर फार उत्तम, रोजगार हमीतून करता येईल.

त्यानंतर ओढ्याचं पात्र. पोकलेन ठरलंच आहे तर त्याला योग्य काम द्या. आहे त्या सिमेंट बंधाऱ्यांमागचा आणि जुन्या डोहांतला गाळ काढा, मुरूम दिसला की थांबा. गाळ हलक्या रानात टाका, पण आधी थोडा वाळवून पाहा. ढेकूळ दगडासारखं होत असेल आणि वर पांढरी खार येत असेल तर तो चोपण गाळ आहे, रानात नेऊ नका. काढलेला ढिगारा काठावर रचू नका, पहिल्याच पुरात तो परत आत जातो. आणि दोन डोहांच्या मधला उथळ, दगडगोट्यांचा भाग तसाच सोडा.

इथे मी थोडा थांबतो, कारण मासे आणि मरळ या भागाशी जोडलेले आहेत, आणि बहुतेक योजनांत ओढ्याला फक्त पाणी वाहून नेणारा नाला धरतात.

मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून चिखलात, कमी पाण्यात ती इतर माशांपेक्षा जास्त तग धरते. ती तुमच्या डोहातून गेली याचा अर्थ डोह नुसता कमी झाला नाही, तो उन्हाळ्यात पुरता कोरडा पडायला लागला किंवा गाळाने भरला. दोन किलोमीटरमध्ये एक जरी डोह मे महिन्यापर्यंत पाणी धरून राहिला, तर पहिल्या पावसात तिथून मासे, झिंगे, खेकडे वर-खाली पसरतात. मांजरेतूनही पुराच्या पाण्यात मासे वर चढतात, फक्त बंधाऱ्याची सरळ उभी भिंत त्यांना अडवते. नवा बंधारा घालायचा असेल तर सांडव्याच्या एका बाजूला दगड रचून पायऱ्यांसारखा उतार द्या. जादा खर्च नगण्य.

उथळ दगडगोट्यांत चतुर आणि टाचणीच्या अळ्या वाढतात, त्या डासांच्या अळ्या खातात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा धोबी तिथेच चरतो. टिटवी उन्हाळ्यात कोरड्या पात्रातल्या खड्यांत अंडी घालते, नेमकी पोकलेन फिरतं तेव्हा. काठाच्या उभ्या मातीच्या दरडीत खंड्या आणि वेडा राघू बीळ करून घरटं करतात. सगळे काठ घसरगुंडीसारखे तासले की त्यांना जागाच उरत नाही. म्हणून मशीन चालवणाऱ्याबरोबर ओढा माहीत असलेला एक माणूस उभा ठेवा. कुठली दरड सोडायची, कुठली शिंदी आणि कुठला उंबर सोडायचा, हे चुन्याने आधी आखून घ्या. बाभळीची किंवा शिंदीची फांदी पाण्यावर वाकली असेल तर सुगरणी तिथे घरटी लटकवतात, ती फांदी ठेवायची.

काठावरची झाडं सावली देतात म्हणून पाणी थंड राहतं आणि वाफ कमी होते, मुळांनी दरड धरून ठेवली जाते, गळलेल्या पानांवर पाण्यातले किडे जगतात. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन ही आपल्या काठांची झाडं. खालच्या भिजक्या पट्ट्यात वाळा आणि निर्गुडी लावा. निर्गुडी छाटाने येते आणि जनावर तिला तोंड लावत नाही. काठावर वेडी बाभूळ माजली असेल तर ती एका फटक्यात मुळासकट उपटू नका, दरड उघडी पडते. देशी झाडं कमरेएवढी झाली की टप्प्याने काढा. बेशरम मात्र पाणी आटल्यावर हाताने उपटून दूर नेऊन वाळवा, तिचा ओला तुकडा पात्रात राहिला की तो पुन्हा फुटतो. आणि काठापासून निदान पंधरा-वीस फूट तणनाशक मारू नका. हे सांगणं सोपं आहे, मजुरीचे भाव पाहता पाळणं अवघड आहे, हेही मला माहीत आहे. तरी तेवढी पट्टी गवताची ठेवली तर जनावरांना वैरण होते आणि शेतातली माती व खत ओढ्यात उतरत नाही.

शेवटचा विषय उपशाचा, आणि तोच सगळ्यात कठीण. माथ्यावर कितीही मुरवलं आणि उपसा तेवढाच वाढला तर ओढा जिथल्या तिथे राहतो. पाणी दिसलं की बोअर वाढतात, हे मराठवाड्यात पाणलोटाचं काम झालेल्या गावोगावी घडलं आहे. राज्याचा २००९ चा भूजल कायदा साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर मानतो आणि तिच्यावर बंधनं घालतो, पण गावाने स्वतः ठरवलं नाही तर कायदा शिवारात पोहोचत नाही. मी गावांना थोड्याच गोष्टी सुचवतो. ओढ्याच्या पात्रात थेट मोटार टाकायची नाही. काठाच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक अंतरात नवा बोअर घ्यायचा नाही. विहिरीवरचा ऊस ठिबकवरच घ्यायचा, त्याने निम्म्याच्या आसपास पाणी वाचतं. आणि ऑक्टोबरात विहिरी मोजून झाल्या की रब्बीत काय पेरायचं ते एकत्र बसून ठरवायचं. अंतर किती ठेवायचं हे तुमच्या विहिरींच्या ओळींवरून निघेल. ज्या विहिरीचा उपसा चालू केल्यावर ओढ्याची धार ढळते, तिथपर्यंत ते धरा.

किती वर्षांत फरक दिसेल, हेही सांगायला हवं. ते पावसावर आणि उपशाच्या ठरावावर अवलंबून आहे. माथ्याची कामं नीट झाली आणि पाऊस सरासरीचा पडला तर पहिल्या-दुसऱ्या वर्षी विहिरींची जानेवारीची पातळी वर सरकलेली दिसते. ओढ्याची धार त्यानंतर लांबते, आधी वरच्या अंगाला, मग खाली. १९७२ किंवा २०१५ सारखं वर्ष आलं तर तो आटेलच, त्यावरून काम फसलं असं समजू नका. होळीपर्यंतची धार सगळ्या दोन किलोमीटरमध्ये परत येईल असं मी म्हणणार नाही. संक्रांतीपर्यंत धार आणि दोन-तीन डोहांत मेअखेर पाणी, हे मात्र आवाक्यातलं आहे.

पोकलेन उन्हाळ्यात येणार असेल तर तुमच्या हातात अजून थोडा वेळ आहे. मोटारींची यादी, तळाच्या खडकाची नोंद आणि विहिरींची एक ओळ एवढं जरी झालं तरी मशीनचे तास कुठे लावायचे ते ठरवता येईल. हे आकडे इथेच लिहा. त्यांवरून कुठल्या डोहाचा गाळ काढायचा आणि कुठे थांबायचं, ते मी जागेनुसार सांगेन. तोवर पोकलेनवाल्याला ‘सरळीकरण’ हा शब्द कामाच्या कागदावरून काढायला सांगा.